झाकली मूठ

माहूर म्हटलं की लोकांना रेणुकामातेचा गड आठवतो, दत्तशिखर आठवतं, सोनापीर बाबांचा दर्गा आठवतो. अशा गावचा माणूस, त्यातून कविता करणारा, तो आकाशवाणीवर गुंडांच्या सिनेमाविषयी काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण मला सबंध सिनेमाविषयी बोलायचंच नाही. त्यातल्या एका बैठकीविषयी बोलायचं आहे. जेमतेम काही मिनिटांची बैठक. तिथे कुणी पिस्तूल काढत नाही, कुणी कुणाची कॉलर धरत नाही. तरीही तिथल्या एका अर्ध्यामुर्ध्या वाक्यामुळे पुढे किती माणसं मरतात ते मोजत बसावं लागतं. ज्यांना रोज बाजारात उभं राहून भाव ठरवावा लागतो, त्या आपल्या भागातल्या माणसांनी ही बैठक नीट पाहायला हवी, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आलं आहे.

सिनेमा 'द गॉडफादर'. मारिओ पुझोची कादंबरी १९६९ची, फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा सिनेमा १९७२चा. काळ दुसरं महायुद्ध नुकतंच संपल्याचा, गाव न्यूयॉर्क. डॉन व्हिटो कॉर्लिओनी हा वरकरणी ऑलिव्ह तेलाचा व्यापारी. त्याच्या कचेरीत सोलोझो नावाचा माणूस प्रस्ताव घेऊन येतो. त्याला अफूपासून होणाऱ्या मादक पदार्थांचा धंदा उभा करायचा आहे. त्यासाठी त्याला तीन गोष्टी हव्यात: दहा लाख डॉलर रोख, डॉनच्या खिशातले राजकारणी आणि न्यायाधीश, आणि पोलिसांपासून संरक्षण. बदल्यात तो तीस टक्के वाटा देऊ करतो. पहिल्याच वर्षी हा वाटा तीस-चाळीस लाखांवर जाईल, पुढे वाढतच राहील, असा त्याचा हिशेब. सोलोझोच्या पाठीशी टाटाग्लिया नावाचं दुसरं घराणं आहे.

डॉन एक प्रश्न विचारतो. टाटाग्लियाचा वाटा किती? सोलोझो सांगतो, तो मी माझ्या वाट्यातून देईन. म्हणजे पैसा, ओळखी, संरक्षण या कशाचीही तोशीस नसलेल्या तिसऱ्याच माणसाला या सौद्यात रस आहे. डॉन हे ऐकून घेतो आणि शांतपणे नकार देतो. जुगाराकडे काणाडोळा करणारे माझे राजकारणी मित्र या धंद्याचं नाव ऐकलं तर माझे मित्र राहणार नाहीत, एवढंच कारण. मग सोलोझो शेवटचा खडा टाकून पाहतो. तुमच्या दहा लाखांची काळजी असेल तर टाटाग्लिया त्याची हमी घेतील, असं म्हणतो. आणि इथे डॉनचा थोरला मुलगा सनी न राहवून मध्ये बोलतो. म्हणजे आमच्या पैशांची हमी ते घेणार? एवढंच. बाप त्याला अडवतो, मुलांना लाडावून ठेवल्याची तक्रार पाहुण्यापुढे हसत हसत करतो, पुन्हा एकदा नाही म्हणतो आणि त्याला शुभेच्छा देऊन वाटेला लावतो. पाहुणे गेल्यावर मुलाला बजावतो, की मनातली गोष्ट घराबाहेरच्या माणसाला पुन्हा कळू द्यायची नाही.

नांदेडला बी.ए. करत असताना मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला. भाड्याची व्हिडिओ कॅसेट, दहा-बारा मुलं, आणि संवाद कुणालाच धड कळत नाहीत. मारामारी कधी येते याची वाट पाहणारेच जास्त. पण सनी मध्ये बोलला आणि म्हाताऱ्यानं त्याच्याकडे जे पाहिलं, ते मला लगेच उमगलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. कुठली, ते पुढे सांगतो.

अनेकांना वाटतं की सनी उद्धटपणे बोलला, म्हणून सोलोझोला अपमान झोंबला आणि पुढचं रामायण घडलं. तसं नाही. सोलोझो अपमान मनावर घेणाऱ्यांतला नाही, तो हिशेबी माणूस आहे. बैठकीआधीचा त्याचा हिशेब काय असेल पाहा. डॉन नाही म्हणाला तर संपलं. डॉनला मारून उपयोग नाही, कारण मुलगा गादीवर येईल, बापाचंच धोरण चालवील, शिवाय सूड घेईल. म्हणजे खून हा निव्वळ तोट्याचा धंदा. सनी बोलला आणि हा सगळा हिशेब उलटा झाला. सोलोझोला कळलं की या घरात नकार एकाच माणसाचा आहे. त्याच्यामागून जो येणार आहे त्याला सौदा हवाच आहे. मग मधला एक माणूस बाजूला झाला की काम फत्ते. पुढे डॉनला फळांच्या दुकानासमोर भर रस्त्यात गोळ्या घातल्या जातात. त्याच वेळी त्याचा वकील टॉम हेगन याला पळवून नेलं जातं आणि सोलोझो त्याला तोंडावर सांगतो की सनीला माझा प्रस्ताव पसंत होता, आता तू त्याची समजूत काढ. त्याच्या लेखी तो खून नव्हताच, सौद्याचा पुढचा हप्ता होता.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण ती बहुधा गरिबी झाकण्यासाठी वापरतो. या बैठकीत तिचा दुसरा अर्थ लागतो. मुठीत काय आहे यापेक्षा, समोरच्याला मुठीत काय असावं असं वाटतं, त्यावर भाव ठरतो.

तरीही सगळा दोष सनीच्या माथी मारायला मी तयार नाही. बैठकीआधीचा एक छोटा प्रसंग लोक विसरतात. डॉन घरच्यांचं मत विचारतो. सनी म्हणतो, यात पैसा फार आहे. हेगनही म्हणतो, घ्यायला हवं, नाहीतर दहा वर्षांत बाकीची घराणी आपल्या पुढे जातील. मग सनी बापाला विचारतो, तुमचं उत्तर काय असणार? त्यावर कोपोला दृश्य तोडतो आणि आपण थेट बैठकीत येतो. बाप उत्तर देताना दिसत नाही. म्हणजे ज्याला बाजूला बसवून घेतलं त्या पोरालाही बापाचा निर्णय पाहुण्यासमोरच कळला, असंच म्हणावं लागतं. मत विचारायचं, निर्णय सांगायचा नाही, आणि नंतर तोंड उघडल्याबद्दल रागवायचं, हे आपल्या घराघरांत चालतं. सोयरीक जमवायला गेलेल्या किती मंडळींत हेच होतं. देण्याघेण्याचा आकडा वडिलांच्या मनात असतो आणि धाकटे काका भर बैठकीत म्हणून जातात, आमचं थोडंफार पुढेमागे होईल. तिथून पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता आपल्या मुंबईतला प्रसंग घेऊ. रामगोपाल वर्मा यांचा 'सरकार' २००५ साली आला. 'गॉडफादर'चं ऋण त्यांनी सिनेमाच्या सुरुवातीलाच मान्य केलं आहे. अमिताभ बच्चन यांचा सुभाष नागरे, मुंबईतलं मराठी घर, त्याचे दोन मुलगे. त्याच्याकडे दुबईचा रशीद प्रस्ताव घेऊन येतो. ही भूमिका झाकीर हुसेन यांनी केली, तबल्याचे नव्हेत, नट. (अशा पाहुण्याचं नाव रशीदच का असतं, हा प्रश्न मी हिंदी सिनेमाला विचारणं केव्हाच सोडून दिलं आहे.) नागरे नकार देतो. पण तो कॉर्लिओनीसारखा नकार देत नाही. मी हे करणार नाही, आणि तुलाही करू देणार नाही, असा तो दुहेरी नकार आहे.

हा फरक लहान नाही. न्यूयॉर्कचा म्हातारा नीतीचा आव आणत नाही. कोण पोटासाठी काय करतो याच्याशी मला कर्तव्य नाही, असंच त्याचं म्हणणं. माझे न्यायाधीश जातील, हा त्याचा खर्च. सोलोझोला तो दुसऱ्या वाटेनं जायला मोकळं सोडतो, निदान तसं दाखवतो. मुंबईचा नागरे मात्र नीतीवर उभा आहे आणि वाटच बंद करतो. त्यामुळे रशीदला घरात फट शोधायची गरज उरत नाही. हा माणूस जिवंत आहे तोवर आपला धंदा नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. मग तो नागरेचे विरोधक गोळा करतो, मोतीलाल खुराना या सज्जन पुढाऱ्याचा खून करवून तो नागरेवर ढकलतो, आणि पुढे नागरेचा थोरला मुलगा विष्णू याच्या रूपानं घरातली फटही त्याला सापडते. मला 'सरकार' आवडतो, नागरे बोलायला लागला की आपलीही छाती फुगते. पण बैठकीपुरतं बोलायचं तर 'गॉडफादर'मधली जास्त शहाणी आहे. एकीत अधिकार दिसतो, दुसरीत माहिती कशी हातची जाते ते दिसतं.

गंमत अशी की 'सरकार' आला त्याच २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल थॉमस शेलिंग आणि रॉबर्ट ऑमन यांना विभागून मिळालं. शेलिंग यांचं पुस्तक १९६०चं, विषय भांडणातले डावपेच. त्यांचं एक म्हणणं सुरुवातीला उलटं वाटतं. वाटाघाटीत ज्याचे हात बांधलेले असतात तो कधीकधी जास्त बलवान ठरतो. आपले पर्याय आपणच तोडून टाकले की समोरच्यालाच वळावं लागतं. या विषयावर लिहिणारे एक उदाहरण नेहमी देतात. दोन गाड्या समोरासमोर भरधाव येत आहेत, जो आधी बाजूला होईल तो हरला. अशा वेळी एकानं आपलं स्टिअरिंग उपसून दुसऱ्याला दिसेल असं खिडकीबाहेर फेकलं, तर दुसऱ्याला बाजूला व्हावंच लागतं. नागरेचा नकार हा असा आहे. कॉर्लिओनीचा नकारही तसाच ठरला असता. पण सनी बोलला आणि सोलोझोला दिसलं की स्टिअरिंग फेकलेलं नाही, ते शेजारी बसलेल्या पोराच्या मांडीवर आहे.

आणि सनी नेमका हमी या शब्दावर का फसला? कारण काळ्या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू तीच. मालाचे पैसे बुडाले म्हणून तिथे कुणी कोर्टात जात नाही, स्टँपपेपर करून देत नाही. दिएगो गाम्बेत्ता या इटालियन समाजशास्त्रज्ञाचं सिसिलीच्या माफियावरचं पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झालं. माफिया विकतो ते संरक्षण, जिथे माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत तिथे त्याचं दुकान चालतं, असा त्यांचा मुद्दा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते एका गुरं पाळणाऱ्याचं बोलणं देतात. त्याचा मथितार्थ असा: खाटीक जनावर घ्यायला येतो तेव्हा मी त्याला फसवणार हे त्याला माहीत असतं, तो मला फसवणार हे मला माहीत असतं, म्हणून मध्ये तिसरा लागतो आणि आम्ही दोघंही त्याला टक्केवारी देतो. मी हे वाचलं तेव्हा मला सिसिली दिसलीच नाही. माळेगाव दिसलं.

लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाची जत्रा, मार्गशीर्षातली थंडी. लाल कंधारी, देवणी, घोडे, गाढवं, उंट. एका बाजूला तमाशाचे फड, ज्यांना गावोगावचे लोक सुपारी देऊन ठरवतात. लग्न ठरलं की आपण सुपारी फोडतो, बँडवाल्याला सुपारी देतो, आणि मुंबईत खुनाचा ठेका दिला तरी शब्द तोच, सुपारी. कागद नाही, फक्त दिलेला शब्द, एवढंच या सगळ्यांत सारखं. तर जनावरांच्या बाजारात सौदा होतो तो रुमालाखाली. घेणारा आणि विकणारा, किंवा मधला दलाल, उपरण्याखाली हात धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून आकडा सांगायचा. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू, चेहरा कोरा. भोवती वीस माणसं उभी, पण आकडा दोघांनाच ठाऊक.

लहानपणी मी मामूबरोबर तिथे गेलो होतो. मामूच्या जोडीतला एक बैल मेला होता, उरलेल्याला जोडीदार हवा होता. एका बैलापाशी रुमाल पडला. बोटं सुरू झाली. आणि मामूचा मुलगा, माझ्याएवढाच, आनंदानं म्हणाला, "अब्बा, अपने घर के बैल से इसकी जोडी बराबर जमती!" दलालानं मान वर केली नाही. त्याला करायची गरजच नव्हती. एकटा बैल घरी उभा आहे, पेरणीआधी जोडी जमवायचीच आहे, आणि नेमका हाच बैल मनात भरला आहे, हे सगळं त्याला फुकटात मिळालं होतं. त्यानंतर रुमालाखालचा आकडा एका बोटानंही खाली आला नाही. मामूनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला, दलालाला हसून सलाम केला, बऱ्याच अंतरावर आल्यावर पोराकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बीच में नको बोल रे." पुढे नांदेडला कॅसेटवर पाहिली ती नजर हीच. आमच्या दखनीनं मराठीकडून जे शब्द उचलले त्यात हा 'नको' मला फार मोलाचा वाटतो. डॉनला तेच सांगायला आख्खं वाक्य लागलं.

पण इथे थोडं थांबायला हवं. रुमालाखालचा सौदा म्हणजे गरिबाचं शस्त्र, असं समजू नका. बैलबाजारात दोघं बरोबरीचे असतात, म्हणून तिथे तो शोभतो. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात हीच पद्धत, तिला हत्ता म्हणत, व्यापारी आणि अडते आपसांत वापरत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. आपल्या मालाला कुणी काय भाव लावला हे त्यालाच कळत नसे. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला, निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३०मध्ये, आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३चा. या सगळ्या खटाटोपाचा एक हेतू हाच की वजन उघड व्हावं, बोली उघड व्हावी. म्हणजे कुणाची मूठ झाकलेली असावी आणि कुणाची उघडी, हा प्रश्न शेवटी कुणाची नड मोठी यावर येतो.

किनवट-माहूर भागातला कापूसवाला पाहा. टेम्पोत माल भरून आला. टेम्पोचं भाडं डोक्यावर, संध्याकाळ व्हायला आलेली, आभाळ भरलेलं, माल परत न्यायचा तर पुन्हा भाडं. त्यानं एक शब्द उच्चारला नाही तरी त्याचा भरलेला टेम्पोच सनीसारखा मध्ये बोलून जातो. गावातच खेडा खरेदीवाल्याला माल घालणाऱ्याची तर उचल आधीच घेतलेली असते, त्याची मूठ पेरणीलाच उघडते. आपल्याकडे म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. मला ही म्हण मान्य नाही. अक्कल असते, ती लपवायला जागा नसते. १९७२ साली, म्हणजे योगायोगानं 'गॉडफादर'च्याच वर्षी, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिचे गुणदोष हा वेगळ्या भाषणाचा विषय. चुकारे लांबायचे, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रातोरात कापूस हद्द ओलांडायचा. पण एक गोष्ट तिनं केली होती. भाव आधी जाहीर व्हायचा, त्यामुळे टेम्पोवाल्याचा चेहरा वाचून कुणाला तो पाडता येत नव्हता. दोन हजारनंतरच्या काळात खासगी खरेदी मोकळी झाली आणि चेहरा वाचणारे परत आले.

जाता जाता त्याच सिनेमातल्या दुसऱ्या बैठकीकडे वळतो. बाप दवाखान्यात आहे आणि धाकटा मुलगा मायकेल सोलोझोला भेटायला एका लहानशा हॉटेलात जातो. सोबत सोलोझोचा विकतचा पोलीस अधिकारी. सोलोझो सिसिलियन बोलीत बोलू लागतो. पडद्याखाली भाषांतराची अक्षरं येत नाहीत, म्हणजे इंग्रजी येणारा प्रेक्षकही इथे आम्हा कॅसेटवाल्या पोरांच्या रांगेत येऊन बसतो. मायकेल थोडा वेळ त्याच भाषेत प्रयत्न करतो, अडखळतो, आणि मग इंग्रजीत एकच मागणी करतो. माझ्या बापाच्या जिवावर पुन्हा हल्ला होणार नाही, याची हमी दे. पुन्हा तोच शब्द, हमी. दहा लाख डॉलरची हमी उभी करणारा हा माणूस उलट विचारतो, मी कसली हमी देऊ, शिकार तर माझीच चालली आहे. मायकेल काही बोलत नाही. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. स्वच्छतागृहात जाऊन येतो म्हणून परवानगी मागतो. पोलीस अधिकारी त्याची आधीच झडती घेऊन झालेला आहे, तो जेवणात गुंतलेला आहे. पिस्तूल आत पाण्याच्या टाकीमागे ठेवलेलं आहे, हे त्या टेबलावर फक्त एकाला माहीत आहे.